कोरियाची मोटार मराठवाड्यांत

नांदेडहून लातुरास जाणारा रस्ता लोहा, अहमदपूर व चाकूर या गांवांवरून जातो. सोयाबीनची रास होऊन आडत्याची हिशेबपट्टी हातीं पडली, कीं दिवाळीच्या सुमारास या रस्त्यावर नव्या मोटारी दिसूं लागतात. पुढें झेंडूचा हार, कांचेवर कुंकवाचें स्वस्तिक आणि आंत दाटीवाटीनें बसलेलें सारें कुटुंब, असा त्यांचा थाट असतो. या नव्या गाड्यांत कोरियन कंपन्यांच्या गाड्यांचा भरणा बराच असतो. क्रेटा, व्हेन्यू, आय-ट्वेंटी, सेल्टॉस हीं नांवें आतां खेड्यांतल्या पोरांनाहि पाठ झालीं आहेत. आणि त्यांच्याच मधून एखादी वीस-बावीस वर्षांची, रंग उडालेली सँट्रो मागच्या बाजूस दुधाचे कॅन घेऊन आपल्या चालीनें चाललेली असते. नव्या गाडीच्या मालकानें खरें म्हणजे तिच्याकडे एकदां निरखून पाहावें.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या पगारदारास मोटार ही पांच-सात वर्षांनीं बदलावयाची वस्तु वाटत असेल. मराठवाड्यांतील मध्यम शेतकरी, शिक्षक किंवा लहान व्यापारी यांची गोष्ट निराळी आहे. येथें मोटारीसाठीं भविष्यनिर्वाह निधींतली रक्कम निघते, बँकेचें कर्ज होतें, कधीं घरांतला एखादा दागिनाहि गहाण पडतो. ज्या पैशांतून मोटार घ्यावयाची, त्याच पैशांतून लातूरच्या शिकवणीवर्गांतील मुलीचें शुल्कहि भरावयाचें असतें. तेव्हां येथील ग्राहक विक्रेत्याच्या दुकानांत गाडीचा रंग आणि बसण्याच्या गाद्या पाहतो खरा. परंतु घरीं आल्यावर त्याच्या मनांत घोळणारे प्रश्न वेगळेच असतात. ही बिघडली तर दुरुस्त कोण करील? दहा वर्षांनीं हिचे सुटे भाग मिळतील काय? आणि विकणारी कंपनी तोंवर या देशांत असेल काय? हे प्रश्न फाजील सावधपणाचे नाहींत. कोरियाच्याच दोन कंपन्यांच्या मोटारी एकाच सालीं भारतांत विक्रीस आल्या आणि त्यांच्या मालकांच्या वांट्याला अगदीं विरुद्ध नशीब आलें, ही हकीकत अजून कित्येकांच्या आठवणींत आहे.

ह्युंदाई या कोरियन शब्दाचा अर्थ ‘आधुनिक काळ’ असा आहे. कंपनीचा संस्थापक चुंग जू-युंग हा मात्र अगदीं जुन्या वळणाच्या शेतकरी घरांतला. त्याचा जन्म २५ नोव्हेंबर १९१५ रोजीं, आज उत्तर कोरियांत गेलेल्या तोंगचोन परगण्यांतील एका खेड्यांत झाला. त्या वेळीं सारा कोरिया जपानच्या अमलाखालीं होता. जमीन थोडी, खाणारीं तोंडें पुष्कळ, आणि चुंग हा भावंडांत वडील. म्हणजे शेत सोडून जाण्याची मुभा सर्वांत कमी त्यालाच. तरीहि तो घरांतून चार वेळां पळाला. त्यांपैकीं एकदां तर वडिलांनीं गाय विकून आणलेले पैसेच घेऊन त्यानें सोलची वाट धरली. वडिलांनीं त्याला शोधून परत आणलें. शेवटच्या खेपेस मात्र तो गेला तो गेलाच. सोलमध्यें तांदळाच्या दुकानांत तो पोऱ्या म्हणून राहिला आणि सायकलवरून गिऱ्हाइकांकडे पोतीं पोंचवूं लागला. त्याचा हिशेब चोख पाहून दुकानाच्या मालकानें पुढें दुकानच त्याच्या स्वाधीन केलें. पण १९३९ सालीं जपानी सरकारनें तांदळाच्या व्यापारावर निर्बंध घातले आणि तें दुकान बंद पडलें.

यानंतर चुंगनें जो धंदा धरला तो मोटारदुरुस्तीचा, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९४० सालीं कर्ज काढून त्यानें एक दुरुस्तीचा कारखाना घेतला. थोड्याच दिवसांत तो आगींत जळाला आणि दुरुस्तीस आलेल्या लोकांच्या मोटारीहि त्याबरोबर गेल्या. ज्यानें पहिलें कर्ज दिलें होतें त्याच्याचकडे जाऊन चुंगनें दुसरें मागितलें आणि पुन्हा काम सुरू केलें. त्या काळीं सोलमधील इतर कारखानदार गाडी मुद्दाम अनेक दिवस अडकवून ठेवीत व दिवसांच्या मानानें पैसे उकळीत. चुंगनें उलट रीत धरली: तो गाडी लवकर दुरुस्त करून देई आणि त्याबद्दल अधिक आकार घेई. गाडीवांचून ज्याचें काम अडलें आहे त्याला दोन पैशांपेक्षां दोन दिवस अधिक मोलाचे वाटतात, हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. कोरिया स्वतंत्र झाल्यावर १९४६ सालीं त्यानें काढलेल्या दुरुस्तीच्या कारखान्यास प्रथम ह्युंदाई हें नांव मिळालें, आणि १९४७ सालीं त्याच नांवाची बांधकामाची पेढी निघाली. पुढें रस्ते, धरणें, जहाजें असा तिचा पसारा वाढत गेला.

त्या गाईचें काय झालें, तेंहि येथेंच सांगितलेलें बरें. १९९८ सालीं, वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं, चुंग जू-युंग दोन्ही कोरियांमधील सीमा ओलांडून आपल्या जन्मप्रांतीं गेला. जूनमध्यें त्यानें मालमोटारींतून पांचशें गुरें बरोबर नेलीं आणि ऑक्टोबरमध्यें आणखी पांचशें एक. घेतलेल्या एका गाईचें ऋण एक हजार एक गुरांनीं फेडावें, असा त्याचा हिशेब होता. याच दोन फेऱ्यांच्या मधल्या सप्टेंबर महिन्यांत त्याच्या कंपनीची पहिली मोटार भारतांत विक्रीस आली. २००१ सालीं तो वारला.

ह्युंदाईची मोटार कंपनी १९६७ सालीं स्थापन झाली. आरंभीं ती स्वतःची मोटार करीत नव्हती. फोर्ड कंपनीकडून आलेले भाग उल्सान येथील कारखान्यांत जुळवून ‘कॉर्टिना’ ही गाडी ती १९६८ पासून विकूं लागली. विलायतेच्या गुळगुळीत सडकांसाठीं बेतलेली ही गाडी कोरियाच्या खडबडीत, बिनडांबरी रस्त्यांवर टिकेना. तक्रारींचा पाऊस पडला. दोष गाडीचा नसून तुमच्या रस्त्यांचा आहे, असें फोर्डच्या बाजूनें सांगण्यांत येई. मराठवाड्यांतील मोटारमालकास हें उत्तर ओळखीचें वाटेल! पुढें इंजिनांच्या कारखान्यासाठीं फोर्डशीं चाललेलीं बोलणीं फिसकटलीं आणि कोरियन मोटार स्वतःच तयार करावयाची, असा निश्चय कंपनीनें केला. मोटारविभाग सांभाळणारा चुंग से-युंग हा संस्थापकाचा धाकटा भाऊ होता. त्यानें लाज न बाळगतां जगभरांतून विद्या विकत आणली. कारखाना उभारण्यास ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेला जॉर्ज टर्नबुल हा इंग्रज आला, गाडीचा आकार जोर्जेत्तो ज्युजारो या इटालियन कलावंतानें आंखला, आणि इंजिन जपानच्या मित्सुबिशीकडून घेतलें. १९७४ सालीं तुरिनच्या प्रदर्शनांत मांडलेली ही ‘पोनी’ १९७५ च्या अखेरीस तयार होऊं लागली, आणि १९७६ सालीं तिची पहिली परदेशवारी दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत झाली. स्वतः आंखलेलें पहिलें इंजिन करावयास मात्र कंपनीला १९९१ साल उजाडलें.

यश आलें तेव्हां तें जरा लवकरच आलें. १९८६ सालीं ‘एक्सेल’ ही लहान गाडी अमेरिकेंत गेली. किंमत पांच हजार डॉलरांच्या आंत; पहिल्याच वर्षीं एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक गाड्या खपल्या. पण स्वस्त गाडी घेणाऱ्या कुटुंबांना दोन-तीन वर्षांतच तिचे दोष दिसूं लागले, आणि अमेरिकन विनोदकारांना ह्युंदाई हा एक हुकमी विषय मिळाला. गेलेली अब्रू परत आणण्यासाठीं १९९८ सालीं कंपनीनें तेथें एक धाडसी घोषणा केली: इंजिन आणि गिअरपेटी यांची दहा वर्षांपर्यंत किंवा एक लाख मैलांपर्यंत हमी. ज्यास आपल्या मालाची खात्री नाहीं त्यानें असें वचन दिलें तर त्याचें दिवाळेंच निघावयाचें. तेव्हां वचन पाळावयाचें म्हणून माल सुधारणें भाग पडलें. याच सुमारास कंपनीचीं सूत्रें संस्थापकाचा मुलगा चुंग माँग-कू याच्या हातीं आलीं. विक्रीनंतरच्या सेवेची शाखा त्यानें कित्येक वर्षें चालविली होती. म्हणजे गाड्या कोठें व कशा मोडतात हें त्याला कागदावरून शिकावें लागलें नाहीं. पुढें चुका झाल्याच नाहींत असें नाहीं. २०१५ पासून अमेरिकेंत इंजिनांच्या दोषापायीं लाखों गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण त्या बोलावल्या गेल्या, हा एक्सेलच्या काळाहून फरक.

भारतांत ह्युंदाईची कंपनी ६ मे १९९६ रोजीं नोंदली गेली आणि चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागांत तिचा कारखाना उभा राहिला. २३ सप्टेंबर १९९८ रोजीं ‘सँट्रो’ बाजारांत आली. त्या वेळीं येथील मध्यमवर्गीयाची मोटार म्हणजे मारुती ८००. मुंबईच्या कुर्ल्यांत तयार होणारी फियाट, म्हणजेच पद्मिनी, उतरणीस लागली होती, आणि पुण्याच्या टाटांची ‘इंडिका’ त्याच वर्षाच्या अखेरीस यावयाची होती. ह्युंदाई हें नांव कोणी ऐकलेलें नव्हतें. त्याचा उच्चार कसा करावा याचीहि पंचाईत होती. त्यांतून गाडीचा आकार उभट, डोक्यावर टोपली ठेवल्यासारखा. कंपनीनें लोकांच्या शंका लपविल्या नाहींत. जाहिरातींत शाहरुख खान या लोकप्रिय नटाला प्रथम शंकेखोर ग्राहक म्हणूनच उभें केलें.

त्या उभट छपराचा उपयोग मराठवाड्यांत लौकरच कळून आला. ठेंगण्या गाडींत शिरतांना म्हाताऱ्या माणसाला कमरेंत वांकून, जवळ जवळ खालीं बसावें लागतें. सँट्रोंत मात्र तो खुर्चींत बसावा तसा बसे. डोक्यावरचा फेटा किंवा पटका काढून मांडीवर घ्यावा लागत नसे, आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास येणाऱ्या शिखांच्या पगडीलाहि आंत पुरेशी जागा मिळे. गुडघेदुखीच्या माणसासाठीं आजहि जुनी सँट्रो शोधणारे लोक आहेत, तें कांहीं उगीच नाहीं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. मारुती ८०० चें इंजिन तीन नळकांड्यांचें, सँट्रोचें चार नळकांड्यांचें आणि ९९९ घनसेंटिमीटरांचें. त्यामुळें थरथर कमी. जुन्या गाड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर नांवाच्या एका भांड्यांत होई आणि इंजिनाच्या ओढीनें आंत शोषलें जाई. थंडींत सकाळीं चोक ओढून बसावें लागे, तें यामुळेंच. सँट्रोंत प्रत्येक नळकांड्यापाशीं पेट्रोलाची बारीक पिचकारी होती. इंजिन किती तापलें आहे, हवा किती येत आहे, पाय किती दाबला आहे, हें मोजून एक लहानसें विद्युत्-यंत्र त्या पिचकारीस हुकूम सोडी. तेव्हां गाडी पहिल्या किल्लीस सुरू होई आणि तेल वांचे. या पेटीला नांदेड-लातूरचे मिस्त्री पहिल्यानें भीत. स्क्रू फिरवून कानानें इंजिन ‘लावणारे’ हे लोक. ज्या यंत्राला फिरवावयास स्क्रूच नाहीं त्याचें करावें काय? पण तपासणीचीं उपकरणें आलीं, मालकाच्या कारखान्यांत शिकलेलीं पोरें बाहेर पडून स्वतःचे गाळे घालून बसलीं, आणि पांच-सात वर्षांत सँट्रोची दुरुस्ती तालुक्याच्या गांवींहि होऊं लागली. मोटारीची खरी प्रतिष्ठा तेव्हां वाढली.

आतां त्या दुसऱ्या कोरियन मोटारीकडे वळावें. देवू कंपनीनें दिल्लीजवळ सूरजपूर येथें आपलें बस्तान १९९५ सालींच ‘सिएलो’ या गाडीनें बसविलें होतें, आणि १९९८ सालीं, सँट्रोच्याच वर्षीं, तिनें ‘मॅटिझ’ ही चिमुकली गाडी आणली. मॅटिझ गोंडस होती, चालविण्यास हलकी होती, गर्दींत कोठेंहि वळे. तिचा आकारहि ज्युजारोच्याच कार्यशाळेंतला, म्हणजे पोनी व मॅटिझ या एकाच घरच्या म्हणावयास हरकत नाहीं. घेणारांनीं निवड चुकीची केली असें कोणालाहि म्हणतां आलें नसतें. पण १९९९ सालीं कोरियांत देवूचा सारा उद्योगसमूह कर्जाच्या ओझ्याखालीं कोसळला, नोव्हेंबर २००० मध्यें तिच्या मोटारकंपनीचें दिवाळें वाजलें, आणि कांहीं वर्षांत सूरजपूरचा कारखाना थंडावला. गाडी चालूच होती. तिच्यामागची पेढी गेली. मग दिव्याची एक कांच फुटली तरी दिल्ली-हैदराबादच्या जुन्या भागांच्या बाजारांत माणूस धाडावा लागे, आणि विकावयास काढली तर गाडीला लोखंडाचा भाव येई. नीट चालणारी मोटार अंगणांत ताडपत्रीखालीं झांकून ठेवण्याची पाळी ज्या घरांवर आली, त्या घरांत पुढें दुसरी मोटार घेतांना पहिला प्रश्न कारखान्याचा निघाला, रंगाचा नाहीं.

नांदेड-लातूरकडील मालक आज ह्युंदाईच्या गाड्यांविषयीं काय बोलतात, तें पाहिलें तर स्तुति आणि तक्रार दोन्ही या भूमीच्या जातीप्रमाणें येतात. वैशाख महिन्यांत येथें पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो; तेव्हां एसी लवकर थंड होतो ही प्रशंसा जवळजवळ एकमुखानें ऐकूं येते. सुकाणूं हलकें, क्लच हलका, त्यामुळें घरांतल्या सुना-मुलीहि गाडी सहज चालवितात, हें दुसरें. आंतील सामान व मांडणी किंमतीच्या मानानें उंची वाटते, हें तिसरें. छतांतून आकाश दाखविणाऱ्या झरोक्याचें मात्र जाणत्यांना हसूं येतें, कारण एप्रिल-मेमध्यें तो उघडण्याचें धाडस येथें कोणी करीत नाहीं. लांब पल्ल्याचे लोक डिझेलविषयीं बोलतात. २०२० सालीं नवे धूरनियम आले तेव्हां मारुतीनें डिझेल मोटारी सोडून दिल्या. ह्युंदाई आणि तिचीच भगिनी किया यांनीं त्या चालूं ठेवल्या. ज्याला आठवड्यास लातूर-पुणें किंवा नांदेड-हैदराबाद करावें लागतें, त्याच्या दृष्टीनें ही गोष्ट दहा सोयींहून अधिक भरते.

किया ही कंपनी मूळची निराळी. १९४४ सालीं सायकलीचे भाग करण्यापासून तिचा आरंभ झाला. ती १९९७ सालीं बुडाली आणि पुढच्याच वर्षीं ह्युंदाईनें तिला घेतलें. २०१९ सालीं आंध्रांतील अनंतपूर भागांत तयार झालेली तिची ‘सेल्टॉस’ आली, तेव्हां क्रेटा घ्यावी कीं सेल्टॉस, असा वाद लग्नाच्या मांडवांतूनहि ऐकूं येऊं लागला. दोहोंचीं इंजिनें बहुतेक एकच असल्यामुळें तो वाद बराचसा कपाळावरच्या टिळ्याचा आहे.

तक्रारींत पहिली सस्पेन्शनची. जुन्या सँट्रोंची आणि पहिल्या आय-ट्वेंटींची बैठक मऊ; शहरांत सुखाची, पण हमरस्त्यावर वेग वाढला म्हणजे गाडी तरंगल्यासारखी वाटे, आणि हलक्या सुकाणूंतून रस्ता हाताला कळत नसे. काळ्या मातींत बांधलेल्या रस्त्याचा स्वभाव येथें लक्षांत घ्यावयास हवा. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून वरचें डांबर कितीहि चांगलें असलें तरी रस्त्याला लाटा येतात, खड्डे पडतात, आणि गाडीच्या खालच्या बाजूचे रबरी बुश व शॉकॲब्झॉर्बर सपाट प्रदेशांतल्यापेक्षां लवकर झिजतात. दुसरी तक्रार धुळीची, म्हणजे खरी शिवारांतल्या वाटेची: हवेची जाळी पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीआधींच बुजते, आणि ती न बदलतां ‘गाडी तेल फार खाते’ म्हणून कंपनीला शिव्या देणारे मालकहि पुष्कळ आहेत. तिसरी तक्रार पैशांची. मालकाच्या कारखान्यांत तपासणीस गाडी दिली कीं, न सांगितलेलीं कामेंहि बिलांत दिसतात, असें पुष्कळजण म्हणतात. म्हणून हमीची मुदत संपेपर्यंत तेथें आणि नंतर ओळखीच्या मिस्त्रीकडे, ही येथील सर्वसाधारण रीत होऊन बसली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. नळीच्या फवाऱ्याखालीं उभी असलेली मोटार त्या दिवसांत कोणाच्याहि डोळ्यांना टोंचली असती. ओल्या फडक्यानें मोटार पुसण्याची संवय कित्येक घरांतून आजवर टिकली आहे.

एका बाबतींत मात्र येथील मालकांचें मत उशिरां जागें झालें, आणि ती बाब साऱ्यांहून गंभीर आहे. टक्कर झाली तर आंतल्या माणसांचें काय होईल? पत्रा पातळ आहे, अशी कुजबूज होती. पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी हें समीकरणहि कच्चें आहे. खरी परीक्षा सांगाड्याची, पट्ट्यांची आणि हवेच्या पिशव्यांची असते. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१४ सालीं भारतांत विकल्या जाणाऱ्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या, तेव्हां हवेच्या पिशव्या नसलेल्या आय-टेनला प्रौढांच्या संरक्षणासाठीं एकहि तारा मिळाला नाहीं. २०२० मध्यें ग्रँड आय-टेन निऑसला पांचांपैकीं दोन, २०२२ मध्यें क्रेटा व आय-ट्वेंटी यांना तीन, आणि २०२३ मध्यें व्हर्नाला पूर्ण पांच तारे मिळाले. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें सहा पिशव्या आपल्या सर्व मोटारींत देण्याचें कंपनीनें जाहीर केलें. याचा अर्थ असाहि होतो कीं, तीच कंपनी, तेंच नांव, पण २०१४ ची गाडी आणि २०२४ ची गाडी या एका मापानें मोजतां येत नाहींत. जुनी गाडी स्वस्तांत घेऊन कॉलेजांत जाणाऱ्या मुलाच्या हातीं देणाऱ्या पित्यानें किलोमीटरचा आंकडा पाहण्याआधीं बनावटीचें साल आणि पिशव्यांची संख्या पाहावी.

आतां या मोटारींचा एक धागा महाराष्ट्रांत येऊन पोंचला आहे. देवूची मोटारकंपनी बुडाल्यावर तिचा मोठा भाग अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें घेतला, आणि तीच मॅटिझ रूप थोडें बदलून ‘शेव्हरोले स्पार्क’ या नांवानें २००७ सालीं भारतांत परतली. पुण्याजवळ तळेगांव येथें जनरल मोटर्सनें २००८ सालीं जो नवा कारखाना उघडला, त्यांतून बाहेर पडणारी पहिली गाडी हीच स्पार्क होती. परंतु २०१७ सालीं त्या कंपनीनेंहि भारतांतील विक्री थांबविली. सुटे भाग व सेवा चालूं ठेवण्याचें आश्वासन तिनें दिलें. तरी जुन्या बाजारांत शेव्हरोलेचे भाव उतरावयाचे ते उतरलेच. निर्यातीसाठीं चालूं असलेलें तळेगांवचें कामहि डिसेंबर २०२० मध्यें बंद पडलें, आणि हजारांहून अधिक कामगारांच्या नोकऱ्यांचा तंटा मागें राहिला. मॅटिझ आणि मग स्पार्क अशा दोन्ही गाड्या ज्या एखाद्या घरानें घेतल्या असतील, त्या घरानें एकाच गाडीचा आधार दोनदां नाहींसा झालेला पाहिला.

तो कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईनें ऑगस्ट २०२३ मध्यें केला. जानेवारी २०२४ मध्यें व्यवहार पुरा झाला, आणि २०२५ सालीं तेथून ह्युंदाईच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या. त्या वर्षीं आलेली नवी व्हेन्यू ही तळेगांवचीच. आरंभीं वर्षास एक लाख सत्तर हजार आणि २०२८ पर्यंत अडीच लाख गाड्या करण्याची तेथील योजना आहे. मधल्या काळांत, ऑक्टोबर २०२४ मध्यें, ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचे भाग सामान्य लोकांस खुले झाले. २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री भारतांत तोंवर झालेल्या अशा सर्व विक्रींत मोठी होती. तेव्हां आतां मोटारीच्या मालकास वाटल्यास कंपनीचाहि तिळभर मालक होतां येतें.

चेन्नईहून निघालेल्या मोटारीपेक्षां तळेगांवची मोटार लातुरास लवकर पोंचेल, हें उघड आहे. तिच्या दिव्याची कांच आणि तिचे बुश तितक्याच लवकर पोंचतात कीं नाहीं, हें पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर अहमदपूरच्या मिस्त्रीला विचारावें.